चोक ओढा, जरा थांबा!

छत्रपती संभाजीनगरचा वीकएंड म्हटला की आपला प्लॅन ठरलेला असतो. सकाळी वेरूळ, संध्याकाळी बीबी का मकबरा, रात्री नान-खलिया आणि रविवारी दुपारी परतीची गाडी. पैठण रोडला वळणारे तसे कमीच. वळलेच तर पैठणी घ्यायला, नाही तर जायकवाडीचं पाणी बघायला. तेही काचा वर करून, कारण हा रस्ता म्हणजे ट्रक, ट्रॅक्टर, कंपन्यांच्या बस आणि धूळ. वाटेत चितेगाव लागतं. खिडकीतून ते जेमतेम दोन मिनिटं दिसतं. कारखान्यांच्या लांबलचक भिंती, चहाच्या टपऱ्या, टायरची दुकानं, खोली भाड्यानं मिळेलच्या पाट्या, आणि गेलं की गेलं.

मी मात्र डिसेंबर २०२५ मध्ये सुट्टी टाकून तिथे सलग पाच दिवस राहिले आणि पुढच्या वीकएंडला पुन्हा गेले. ऑफिसात विचारलं, ‘‘चितेगावात बघण्यासारखं काय आहे?’’ म्हटलं, ‘‘मारुती एट हंड्रेड. १९९६ चं मॉडेल. चार वर्षं एका जागी उभी आहे.’’

शहराकडे तोंड करून बसलेलं गाव

चितेगाव शहरापासून वीस किलोमीटरच्या आतच आहे. रेल्वे स्टेशनच्या बाजूनं महानुभाव आश्रमाचा चौक गाठायचा, कांचनवाडी आणि वाल्मी मागे टाकायची, की थोड्या वेळात कंपन्या सुरू होतात. कागदोपत्री गाव पैठण तालुक्यातलं, पण नोकरी, कॉलेज, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं शहराकडे. ज्या व्हिडिओकॉनचे टीव्ही आपल्यापैकी अनेकांच्या घरात होते, तिचा मोठा कारखाना इथलाच. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एखादी मोठी कंपनी थांबली की काय होतं हे पेपरात ‘कर्ज’ आणि ‘लवाद’ अशा शब्दांत छापून येतं. गावात ते खोल्यांवरच्या कुलपांवरून कळतं.

आता पुढच्या बिडकीनला वेगळीच हवा आहे. ‘ऑरिक’च्या बिडकीन औद्योगिक क्षेत्राचं, म्हणजे ७,८५५ एकरांचं, २९ सप्टेंबर २०२४ ला लोकार्पण झालं. त्याआधी जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं राज्य सरकारशी करार केला, तो सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीचा, इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्यांसाठीचा. म्हणजे विजेवरची गाडी जिथून बाहेर पडायची स्वप्नं बघितली जातायत, त्याच रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या मामाची कार्बोरेटरवाली गाडी उंदरांना आसरा देत उभी होती.

भंगार की भरवसा?

मामा पैठण रोडवरच्याच एका कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. फंडातून पैसे काढून त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा गल्लीत एवढी एकच कार होती. नंबर अर्थातच एमएच-२०. गल्लीतल्या तीन बाळांना दवाखान्यातून घरी आणणं, दोन नवरदेवांची वरात, मोसंबीच्या जाळ्या मोंढ्यावर नेणं, सगळं तिनं केलं. २०२१ च्या दिवाळीनंतर मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी शेडमध्ये गेली. ‘महिन्या-दोन महिन्यांत काढू’ म्हणता म्हणता चार वर्षं झाली.

तशी ही गाडी आपल्या सगळ्यांच्याच आठवणीतली. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मालकाला किल्ली मिळाली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत देशात पंचवीस लाखांहून जास्त ‘एट हंड्रेड’ विकल्या गेल्या. त्यामुळे ‘मामा, नॉस्टॅल्जिया पुरे, भंगारात द्या’ असं सांगायला माझा पुण्याचा मावसभाऊ तयारच होता. भंगारवाला अठरा हजार देत होता.

पण मामांच्या डोक्यात नॉस्टॅल्जिया नव्हताच. मामींना दमा आहे. आदल्या थंडीत रात्री दोन वाजता त्यांना अ‍ॅटॅक आला. अ‍ॅपवर कॅब शोधली, तर आसपास एकही दिसेना. शेजाऱ्यांची गाडी बाहेरगावी. ओळखीतून एक जीप मिळेपर्यंत पाऊण तास गेला. मामी त्यातून सुखरूप आल्या, पण तो पाऊण तास काही मामांच्या मनातून जाईना. ‘‘अगं माय, मला काही गाडी मिरवायची नाही,’’ ते मला फोनवर म्हणाले. ‘‘रात्री दोनला किल्ली फिरवली की लागली पाहिजे, एवढंच.’’

झालं, मिशन ठरलं. एट हंड्रेड नुसती चालू करायची नव्हती, भरवशाची करायची होती. या दोन गोष्टींमध्ये किती अंतर आहे हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

किल्लीला हात लावायचा नाही!

शहरातून एक म्हातारे मिस्त्री आले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. माझ्या हातात किल्ली बघितली आणि पहिलं वाक्य, ‘‘बेटा, चाबी मत लगाना. पहले देखो.’’

बंद गाडी दिसली की आपण आधी सेल्फ मारतो. नेमकं तेच करायचं नसतं. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल खाली उतरून गेलेलं असतं. कोरड्या भिंतींवर पिस्टन घासला तर ओरखडे पडतात. टाकीतला गंज आणि घाण पुढे ओढली जाते ती वेगळीच. म्हणून आधी बॉनेट उघडून नुसतं बघायचं. एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचं आणि चिंध्यांचं झक्कास घरटं होतं, आणि दोन वायरी कुरतडलेल्या. किल्ली फिरवली असती तर पहिला ठिणगीचा कार्यक्रम तिथेच झाला असता.

मग क्रमानं काम सुरू झालं. तीन सिलिंडर, म्हणून तीन प्लग. ते काढून प्रत्येक भोकातून थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी पुलीच्या नटाला पाना लावून चाचांनी इंजिन हातानं फिरवलं. आधी अर्धा घास, मग एक वळसा, मग सुर्रकन. ‘‘जाम नाही,’’ चाचा म्हणाले, आणि मामा दोन दिवसांत पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसले. इंजिनच जाम निघालं असतं तर भंगारवाल्याचा भाव मान्य करायचा, हे आधीच ठरलं होतं.

जुनं ऑइल आणि फिल्टर बदलला. रेडिएटरमधून चहाच्या रंगाचं पाणी निघालं. बॅटरीचा तर प्रश्नच नव्हता. लेड-अ‍ॅसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरत जाते आणि रिकामी राहिली की तिच्या प्लेटांवर कडक पांढरा थर धरतो. मग ती चार्ज होत नाही. नवीनच आणली. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे तेही पूर्ण बदललं. मागची दोन्ही चाकं हलेचनात. मामांनी सवयीनं हँडब्रेक ओढून ठेवला होता आणि ब्रेकचे शू ड्रमला धरून बसले होते. हातोडीचे हलके ठोके देत ते सोडवण्यात अख्खी दुपार गेली.

आणि पेट्रोल! टाकीतून काढलेल्या पेट्रोलला पेट्रोलचा वासच नव्हता. जुन्या व्हार्निशचा डबा उघडावा तसा वास. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, उरतो तो चिकट होत राळेसारखा बसतो. ती राळ जाऊन बसते कार्बोरेटरच्या जेटमध्ये, जिचं भोक केसाएवढं असतं. रबरी पाइप बोटानं दाबला तर तडकला. तो बदलणं तसंही भाग होतं. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं आणि जुन्या गाड्यांचे पाइप, वॉशर, डायफ्राम त्या हिशेबानं बनवलेले नव्हते. चाचांनी इथेनॉल सोसणारे पाइप आणले, शिवाय पेट्रोल ओढणाऱ्या छोट्या पंपाचं नवं डायफ्राम. मिस्त्री लोक या पंपाला ‘एसी पंप’ म्हणतात. एअरकंडिशनरशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि मामांच्या गाडीत तो कधी नव्हताही.

‘‘एवढ्या जुन्या गाडीचे पार्ट मिळतात?’’ मी विचारलं. चाचा हसले. ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती आणि तिचं ७९६ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. मारुती ‘एट हंड्रेड’ थांबली तरी तिची भावंडं रस्त्यावर आहेत, तोवर पार्टची चिंता नाही.

चाळीस सेकंद

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉइलची वायर काढून आधी नुसता सेल्फ मारला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. म्हणजे तेल सगळीकडे पोचलं. मग वायर जोडली. शेडबाहेर सात-आठ पोरं, दोन आजोबा आणि एक कुत्रं जमलेलं.

चौथ्या झटक्याला गाडी लागली! पांढरा-निळा धूर एवढा की समोरचं घर दिसेना. सिलिंडरमध्ये सोडलेलं तेल जळत होतं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. आणि चाळीस सेकंदांनी ती भुस्स करून बंद पडली. पुन्हा लावली. पुन्हा चाळीस सेकंद.

चाचांना त्याचं काहीच वाटलं नाही. कार्बोरेटरच्या वाटीत असलेलं पेट्रोल संपलं की बंद पडते, म्हणजे पुढचं पेट्रोल येत नाही. कार्बोरेटर खाली उतरला. वरून पुसलेला होता, आत मात्र हिरवट-पिवळा थर. त्यांनी तो रात्रभर क्लीनरमध्ये बुडवला, जेट हवेनं फुंकले. तार घालून खरवडायचं नाही, म्हणाले, भोक मोठं झालं की गाडी आयुष्यभर पेट्रोल पीत राहते. चौथ्या दिवशी इंजिन लागलं आणि लागलेलं राहिलं. थोडी मिसिंग होती, ती रनिंग सेट केल्यावर गेली.

व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला, अंगठ्यांचा पाऊस पडला. माझ्या हिशेबात स्टोरी इथेच संपत होती. मामा म्हणाले, ‘‘आता पैठणपर्यंत जाऊन येऊ, मग बोलू.’’

आठ किलोमीटर

रस्त्यावर न्यायची म्हणजे आधी इन्शुरन्स आणि पीयूसी. टायरवर नक्षी झकास दिसत होती, पण टायरच्या कडेला छापलेले चार आकडे बघितले का कधी? पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. मामांच्या टायरवर २३१४ होतं, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. अकरा वर्षांचं रबर कडक होऊन बारीक चिरलेलं. चारही टायर नवे.

पाचव्या दिवशी आम्ही निघालो. मामा ड्रायव्हिंगला, शेजारी चाचा, मागे मी. गाडी कापसासारखी पळत होती. बिडकीन ओलांडलं आणि आठव्या किलोमीटरला तिनं आचके दिले आणि थांबली. आजूबाजूला तुरीची शेतं, वरून ऊन. दहा मिनिटं थांबलो, परत लागली. दोन किलोमीटरवर पुन्हा तेच.

चाचांनी पेट्रोलचा फिल्टर काढून उलटा केला. हातावर तपकिरी चहाची पूड पडावी तसा गंज. टाकी रिकामी राहिली की आतून गंजते. गाडी उभ्या-उभ्या चालवली तर तो तळाशी बसून राहतो. रस्त्यावर पेट्रोल हिंदकळलं की वर येतो, फिल्टर बुजवतो. थांबलं की पुन्हा खाली बसतो, म्हणून दहा मिनिटांनी गाडी लागते. शेडमध्ये महिनाभर तपासली असती तरी हा दोष सापडला नसता. आणि रात्री दोनला, मामी मागच्या सीटवर असताना, नेमका आठव्या किलोमीटरलाच सापडला असता.

पुढच्या वीकएंडपर्यंत टाकी खाली उतरवून, धुऊन, वाळवून परत बसवली आणि आत काय येतं ते दिसावं म्हणून पारदर्शक फिल्टर लावला. मग पैठणला गेलो, नाथांच्या वाड्यात डोकं टेकवलं, धरणाच्या भिंतीवरून वारा खाल्ला आणि वाटेत एकदाही न थांबता परत आलो.

हिशेब, कागद आणि चोक

एकूण खर्च सगळा मिळून ३१ हजार. वर कागद आहेतच. मामांच्या आरसीची मुदत २०२६ मध्ये संपते आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमानं वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ५ हजारांवरून १० हजार झाली. शिवाय पर्यावरण कर आणि एचएसआरपी नंबरप्लेट. मावसभाऊ म्हणतो, एवढ्यात सेकंडहँड एखादी बरी गाडी आली असती. कदाचित आलीही असती. पण ती आठव्या किलोमीटरला काय करते हे आम्हाला माहीत नसतं.

शेवटचा प्रश्न मामींनी काढला. ‘‘आणि हेच आजारी पडले तर? गाडी कोण काढणार?’’ सगळे गप्प. मग शेजारचा एक पोरगा तयार झाला. कंपनीत शिफ्टला जातो, लायसन्स आहे, मित्रांच्या नव्या गाड्या चालवतो. पण डॅशबोर्डखालचा चोकचा खटका त्यानं उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. चाचांनी त्याला शिकवलं. थंडीत चोक पूर्ण ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसायचं नाही, सेल्फ पाच सेकंदांच्या वर मारायचा नाही. लागली की जरा थांबायचं, मग चोक हळूहळू आत. घाई केली की प्लग ओले होतात आणि मग तिची मनधरणी करत बसा!

पुढचे सात दिवस मामांनी परीक्षा लावली. रोज पहाटे पाचला, सगळ्यात जास्त गारठा असताना, पोरगा येणार, एकटाच गाडी काढणार, महानुभाव आश्रमापर्यंत जाऊन परत. मी तोवर पुण्याला परतले होते. रोज सकाळी मामांचा एका शब्दाचा मेसेज यायचा : ‘लागली.’ सातही दिवस आला. आठव्या दिवशी मामींनी किल्ली कपाटातून काढून दारामागच्या खिळ्याला अडकवली, इनहेलरच्या पिशवीशेजारी.

गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार आहे?
(ऑनसाइटला जाणाऱ्यांनी, वर्क फ्रॉम होमवाल्यांनी आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांची जुनी गाडी झाकून ठेवणाऱ्यांनी हे कापून ठेवा.)

० हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये टाका, चाकांना विटा लावा.
० बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.
० पेट्रोलची टाकी लोखंडी असेल तर ती भरून ठेवा, रिकामी टाकी गंजते. वर्षभर उभीच राहणार असेल तर मात्र पेट्रोल काढूनच घ्या.
० टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा आणि महिन्यातून एकदा गाडी पुढे-मागे ढकला.
० ‘रोज पाच मिनिटं चालू करून ठेवतो’ हा फंडा बाद. तेवढ्यात इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि बॅटरीही भरत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवा.
० बॉनेट अधूनमधून उघडून बघा. उंदीर कव्हरला घाबरत नाहीत.
० खूप दिवसांनी चालू केलीत तर घराजवळ फेऱ्या मारून समाधान मानू नका. सोबत कुणाला तरी घ्या आणि दिवसाउजेडी वीस किलोमीटर जाऊन या.

जायचं असेल तर
शहरातून पैठणकडे जाणारी एसटी किंवा शेअर रिक्षा चितेगाववरूनच जाते. पुढे बिडकीन, ढोरकीन आणि मग पैठण. पैठणला नाथांचा वाडा, गोदावरीचा घाट, पैठणी विणकरांचे माग आणि १९७६ मध्ये पूर्ण झालेलं २७ दरवाजांचं जायकवाडी धरण. हिवाळ्यात नाथसागरावर पक्षी बघायला पहाटे निघा. आणि चितेगावात चहासाठी थांबा. शिफ्ट सुटायच्या वेळी थांबलात तर फारच छान.